हात उचलला नाही तेव्हा

वर्ध्यातल्या एका खाजगी दवाखान्यात मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. सर्जनच्या बाजूला उभं राहायचं, ट्रॉलीवरची इन्स्ट्रुमेंटं सांभाळायची आणि ते हात पुढे करतील तसं हवं ते त्यांच्या तळव्यावर ठेवायचं, हे माझं काम. या कामात मी चांगली होते. फुशारकी म्हणून सांगत नाही, सगळेच तसं म्हणायचे. सरांनी मागायच्या आधीच माझ्या हातात कात्री किंवा चिमटा तयार असायचा. त्यांचा खांदा किती वाकला, श्वास कुठे अडला, मान कोणत्या बाजूला गेली, यावरून मला पुढचं कळायचं. भूल देणारे डॉक्टर एकदा हसून म्हणाले होते की या सिस्टरला सरांच्या मनातलं ऐकू येतं. त्या दिवशी नालवाडीला घरी जाताना मी स्कूटीवर गाणं गुणगुणत गेले.

सर म्हणजे आमचे सर्जन. दवाखाना त्यांचाच. त्यांच्या हातात खरोखर गुण होता. आर्वीकडून, हिंगणघाटकडून, पार यवतमाळच्या बाजूनं माणसं येत. ओपीडीत ते म्हाताऱ्या बायांच्या खांद्यावर हात ठेवून बोलायचे, एखाद्याची ऐपत नसली तर तसंच ऑपरेशन करून द्यायचे. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणूनच थिएटरचं दार लागल्यावर जे व्हायचं ते बाहेर कोणाला सांगितलं तरी खरं वाटलं नसतं.

ते रोज चिडत असते तर सोपं गेलं असतं. कधी सकाळी येऊन डब्यात काय आणलं विचारायचे, आमच्या डब्यातली भाजी चाखायचे, आणि त्याच दिवशी दुपारी टाका तुटला म्हणून सुई धरायचा चिमटा भिंतीवर फेकायचे. कोणत्या गोष्टीवरून बिनसेल याचा नेम नव्हता. म्हणून आम्ही सगळ्या सतत अंदाज घेत असायचो. हात धुताना त्यांनी कोपरानं नळ कसा बंद केला, चपला बदलताना पायानं बाजूला सारल्या की झटकल्या, यावर आमचा दिवस ठरायचा. थिएटरच्या दाराशी असणाऱ्या मावशीनं आम्हाला एक खूण ठरवून दिली होती. तिनं डोक्यावरची टोपी पार भुवयांपर्यंत ओढली की समजायचं, आज सांभाळून.

माझ्यावर पहिल्यांदा हात उगारला गेला तो अगदी साध्या गोष्टीवरून. सरळ चिमट्याऐवजी मी वाकडा दिला. त्यांनी तोच उलटा धरून माझ्या बोटांच्या पेरांवर मारला. ग्लोव्ह फाटला नाही. "डोळे उघडे ठेव," एवढंच म्हणाले आणि काम पुढे चालू झालं. नंतर कपडे बदलायच्या खोलीत एका जुन्या सिस्टरनं माझ्या बोटांवर बर्फ चोळला. तिनं समजावलं की हे सगळ्यांनाच मिळालं आहे, सर ज्याला आपलं मानतात त्यालाच मारतात. सगळ्या हसल्या. मीही हसले. हसल्यावर बरं वाटलं.

पुढे शरीरानं आपलं वेगळंच सुरू केलं. नालवाडीहून निघताना मी ठीक असायचे. दवाखान्याकडे वळायच्या चौकापर्यंत आलं की छाती धडधडायला लागायची आणि पोचल्या पोचल्या बाथरूमकडे धावावं लागायचं. मला वाटलं चहानं होतं, म्हणून चहा सोडला. मग सकाळचा नाश्ता सोडला. पाळी पुढे-मागे व्हायला लागली. आणि हात थंड पडायला लागले. मे महिन्यात आमच्याकडे लोक तोंडाला दुपट्टे गुंडाळून फिरतात, डांबर चपलेला चिकटतं, आणि माझी बोटं मात्र गार. माझी मुलगी शाळेतून आली की माझे दोन्ही हात ओढून आपल्या गालांवर ठेवायची. तिला ती गंमत वाटायची. कूलरपेक्षा आई बरी, असं ती शेजारी सांगत फिरायची.

एका संध्याकाळी माझ्या नवऱ्याच्या हातून स्वयंपाकघरात स्टीलचा डबा पडला. तो सिंदीच्या शाळेत शिक्षक. पॅसेंजरनं जातो-येतो, दमून आलेला असतो, त्याचा हात निसटला इतकंच. पण आवाज झाला आणि पुढच्या क्षणी मी भिंतीकडे तोंड करून उभी होते, दोन्ही हात डोक्यावर. मी तिथवर कशी गेले ते मला आठवत नाही. काय झालं म्हणून त्यानं विचारलं तेव्हा मी म्हटलं, काही नाही, दचकले. आणि मग त्याच्यावरच चिडले की घरात जरा हळू वागता येत नाही का.

खरं सांगायचं तर सगळ्यांत आधी ओळखलं ते दातांच्या डॉक्टरनं. दाढ दुखत होती म्हणून गेले. त्यानं आत बघितलं आणि म्हणाला की कीड नाही, दाढेला तडा गेलाय, तोही दाबून दाबून. मग त्यानं सहज विचारलं, "ताई, एवढे दात कोणावर खाऊन राहिल्या?" मी तोंड उघडं ठेवून पडले होते, उत्तर देता येत नव्हतं. बरंच झालं. उत्तर मला तेव्हाही माहीत होतं.

त्या दिवशीचं सांगते. कापसाचा हंगाम होता, मार्केटकडे जाणाऱ्या गाड्यांनी रस्ता भरला होता आणि सर उशिरा पोचले. नळ धाडकन बंद झाला. मावशीची टोपी भुवयांवर होती. टेबलावर एक मध्यमवयीन बाई होत्या, आतड्याला पीळ पडलेला. पोट उघडल्यावर सरांना वाटलं होतं त्यापेक्षा आत जास्त बिघडलेलं निघालं. ते काही बोलत नव्हते. ते बोलत नसले की खोली लहान होत जायची. भूल देणारे डॉक्टर मान खाली घालून मॉनिटरकडे बघत बसले होते, आणि त्या बाईंच्या नाडीचा आवाज तेवढा येत होता.

मग एका ठिकाणून रक्त यायला लागलं. फार नव्हतं, रोजचं होतं. सरांनी हात पुढे केला. काय हवंय ते मला माहीत होतं, ते ट्रॉलीवर माझ्या उजव्या हातापासून वितीवर होतं. मी हाताला सांगितलं, उचल. हात उचलला नाही.

पहिल्यांदा मला वाटलं मुंग्या आल्या असतील. मी पुन्हा सांगितलं. हात माझ्या खांद्याला होता, दिसत होता, पण तो जणू दुसऱ्या कोणाचा असावा तसा ट्रॉलीच्या कडेवर पडून राहिला. सरांचा तळवा हवेत होता. त्यांनी बोटं एकदा हलवली. "सिस्टर." मी ऐकलं. मला सगळं ऐकू येत होतं, दूरचं, पाण्याखालून आल्यासारखं. "सिस्टर!" मला सांगायचं होतं की सर, माझा हात चालत नाही, पण जीभही टाळूला चिकटली होती. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि त्यांचे डोळे बघितल्यावर जे थोडंफार माझ्यात शिल्लक होतं तेही गेलं.

भूल देणारे डॉक्टर उठले. त्यांनी बाहेरच्या सिस्टरला हाक मारली, ती धावत ग्लोव्ह चढवून आली, तिनं मला ढकलून माझी जागा घेतली. रक्त थांबलं. त्या बाईंना काहीही झालं नाही, त्या चालत घरी गेल्या, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे कितीतरी दिवस मला तेवढ्याच एका गोष्टीचा आधार होता.

"बाहेर काढा हिला," सर म्हणाले. मावशीनं माझा डावा हात धरून मला बाहेर नेलं.

बाहेरच्या बाकावर त्या बाईंची बहीण बसली होती. मला बघून उठली. "झालं का बाई? कशी हाय ते?" मी म्हटलं, चालू आहे, चांगलं चालू आहे. तिची नजर माझ्या हाताकडे गेली. तो कपड्यासारखा लोंबत होता. तिचा चेहरा उतरला, आणि मी तिथून निघून जिन्यात जाऊन बसले.

नागपूरला नेऊन मेंदूचा एमआरआय झाला, मानेचा झाला, नसांना बारीक करंट देऊन तपासणी झाली. सगळं नॉर्मल. तिथल्या डॉक्टरांनी हसून सांगितलं की आनंदाची गोष्ट आहे, काहीच आजार नाही. मी लोंबता हात मांडीवर घेऊन बसले होते. रिपोर्ट नॉर्मल आल्याची बातमी वर्ध्याला माझ्या आधी पोचली. दवाखान्यात एकच शब्द फिरला, नाटक. ज्या सिस्टरनं बर्फ चोळला होता तिनं फोन करून विचारलं की सुट्टी पाहिजे होती तर तसं सांगायचं ना. मी फोन ठेवला. मला स्वतःलाही शंका यायला लागली होती. हात नुसता उचलायचा तर असतो. मी आरशासमोर उभी राहून त्याच्यावर ओरडायचे. तो ऐकायचा नाही.

वर्ध्यातल्याच मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंकडे जायचं माझ्या नवऱ्यानंच सुचवलं. मी नको म्हणत होते. मी वेडी नाही, असं म्हटलं. तो म्हणाला, "तुले कोणी वेडी म्हणून नाई राह्यलं. पण तू मायासमोर भिंतीले तोंड लावून उभी होती, ते मी इसरलो नाई." तेव्हा मला कळलं की त्याच्या मनात ते तेव्हापासून होतं.

डॉक्टरबाई वयानं माझ्याएवढ्याच होत्या. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि हात तपासला, आधी उजवा, मग डावा, मग बोलता बोलता दोन्ही. त्यांनी सांगितलं की हात खरंच चालत नाही, तुम्ही नाटक करत नाही, आणि हातात बिघाडही नाही. तीनही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात. मी तिथं पहिल्यांदा रडले.

मग त्यांनी साध्या शब्दांत समजावलं. धोका दिसला की शरीर आपल्याला विचारत बसत नाही. नाडी वाढवतं, पोट आवळतं, बोटांकडचं रक्त काढून मोठ्या स्नायूंकडे पाठवतं, म्हणजे पळता यावं किंवा भांडता यावं. पण समोरचा माणूस असा असला की त्याच्यापासून पळता येत नाही आणि त्याच्याशी भांडताही येत नाही, पगार त्याच्या हातात, नाव त्याच्या हातात, तर शरीर तिसरी गोष्ट करतं. ते थिजतं. "तुम्ही रोज पळायच्या तयारीत उभ्या राहायच्या आणि रोज जागेवरच उभ्या राहायच्या," त्या म्हणाल्या. "किती दिवस चालणार होतं ते?"

पुढच्या भेटीत त्यांनी विचारलं की माणसाचा राग तो बोलायच्या आधी ओळखायला मी कुठे शिकले. मी म्हटलं थिएटरमध्ये. त्या थांबल्या. मी पुन्हा म्हटलं, थिएटरमध्ये. आणि मग मला सिंदीच्या माझ्या माहेरच्या घराचं फाटक आठवलं.

माझे वडील मी लहान असताना गेले. आमची वाडी, म्हणजे भाजीपाल्याची जमीन, माझ्या मोठ्या काकांच्या ताब्यात होती. आई तिथं राबायची आणि बाजाराच्या दिवशी पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी घेऊन विकायला बसायची. काका फाटकाशी आले की खोकायचे. खोकण्यातही फरक होता. एक खोकला साधा, एक दारू पिऊन आल्याचा, एक कोणाशी तरी भांडून आल्याचा. तो खोकला ऐकला की आई हातातलं काम जिथल्या तिथं थांबवून डोक्यावर पदर घ्यायची आणि दगडासारखी उभी राहायची. ते मारत असतानासुद्धा हलायची नाही. मी दुसरीत-तिसरीत असेन. फाटकाचा आवाज होण्याआधी, रस्त्यावरच्या पावलांवरूनच मी सांगायचे, आई, आज तिसऱ्या खोकल्याचे आहेत. ती मला मागच्या दारानं बाहेर काढायची.

हे सांगताना माझा आवाज साधा होता. मलाच हळूहळू कळत गेलं की थिएटरमध्ये ज्या गोष्टीसाठी माझं कौतुक व्हायचं, ती मी सिस्टर व्हायच्या कितीतरी आधी शिकले होते. सरांच्या मनातलं मला ऐकू येत नव्हतं. मी लहानपणापासून कान लावून उभी होते.

डॉक्टरबाईंनी काही दिवस वर्ध्याबाहेर राहायला सांगितलं. मी मुलीला घेऊन आईकडे सिंदीला गेले. काका आता नाहीत. वाडी कोर्टकचेरीनंतर आईच्या वाट्याला आली आहे, छोटी आहे पण तिची आहे. मी तिथं बांधावर बसून डाव्या हातानं मेथीच्या जुड्या लावायचे. आई हाताबद्दल काही विचारायची नाही. जेवताना पोळी तेवढी मोडून ताटात ठेवायची.

एका दुपारी शेजाऱ्याची बकरी कुंपणातून आत शिरली आणि सरळ सांबाराच्या वाफ्यात गेली. मी ओरडत उठले, वाकले, ढेकूळ उचललं आणि फेकलं. बकरीला लागलं नाही, पण ती पळाली. आई वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला खुरपं घेऊन बसली होती. ती माझ्याकडे बघत होती.

"कोणत्या हातानं फेकलं तुनं?" तिनं विचारलं.

मी बघितलं तर उजव्या हाताच्या बोटांना माती लागली होती. मी परत हात उचलून बघायला गेले तर तो जड झाला, अर्ध्यावर येऊन थरथरला आणि खाली आला. मला भीती वाटली, म्हणजे लोक म्हणत होते ते खरं, नाटकच. आई जवळ आली, तिनं माझी माती लागलेली बोटं आपल्या पदरानं पुसली. "जाऊ दे. जबरदस्ती नको करू त्याले," ती म्हणाली. "येईन आपला आपला."

डॉक्टरबाईंना फोनवर सांगितलं तेव्हा त्या खूश झाल्या. असंच परत येतं म्हणाल्या, आपलं लक्ष नसताना. पुढे तसंच झालं. मुलीची वेणी घालताना तो अर्धा आला, विहिरीच्या मोटरचं बटण दाबताना आला, नंतर पोळ्या लाटताना पूर्ण आला. काही दिवस यायचा, काही दिवस जायचा. पण बोटं मात्र गरम होती. मुलीची त्यावरून तक्रारही झाली.

मी वर्ध्याला परतले तेव्हा दवाखान्यातून निरोप आला. व्यवस्थापक फोनवर गोड बोलले. मला वॉर्डात परत घ्यायला तयार होते. फक्त एकच करायचं होतं. स्टाफमध्ये गैरसमज पसरला होता, दोन सिस्टर सोडून गेल्या होत्या, त्यामुळे सगळ्यांसमोर मी माझ्या तोंडानं सांगायचं की मला नसांचा त्रास होता आणि त्याचा सरांशी काही संबंध नाही.

नवरा म्हणाला जाऊ नको. डॉक्टरबाई म्हणाल्या जाणं न जाणं तुमच्या हातात आहे, पण गेलात तर पाय जमिनीवर टेकवून उभ्या राहा आणि श्वास सोडायला विसरू नका. मी गेले. का गेले ते मला नीट सांगता येत नाही. नाटक हा शब्द मला सोडत नव्हता, हे एक कारण असेल.

ओपीडी संपल्यावर वेटिंगच्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं होतं. सिस्टर भिंतीला लागून उभ्या, मावशी दाराशी, भूल देणारे डॉक्टर खिडकीजवळ. सर खुर्चीवर मोबाइल बघत बसले होते. व्यवस्थापकांनी दोन शब्द बोलून मला पुढे बोलावलं. मी पाय टेकवले. श्वास सोडला. सरांनी मोबाइल खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं, तेच डोळे.

हाताची बोटं गार पडायला लागली. मग मनगट, मग कोपर. मला कळत होतं की तो चाललाय आणि मी काहीच करू शकत नव्हते. खांद्यापासून तो सुटला आणि लोंबायला लागला. सगळ्यांनी पाहिलं. ठरवून आलेलं वाक्य तोंडाशी होतं. ते म्हटलं असतं तर मी पाच मिनिटांत मोकळी झाले असते.

"हा हात काल पोळ्या लाटत होता," मी म्हटलं. "आज सकाळी यानं स्कूटी चालवली. आता बघा काय झालंय. सरांनी बघितलं आणि झालं. मी आणखी काय सांगू?"

"नाटक बंद कर," सर म्हणाले.

तेव्हा भूल देणारे डॉक्टर खिडकीपासून पुढे आले. हा माणूस इतकी वर्षं थिएटरमध्ये मान वर करायचा नाही. त्यांच्या कपाळावर घाम होता. "सर, ते नाटक नाही," ते म्हणाले. "मी त्या दिवशी तिथं होतो. आणि तुमच्या ऑपरेशनच्या लिस्टच्या दिवशी सकाळी मीही प्रेशरची गोळी जास्तीची घेऊन येतो. डॉक्टर असून मला ते बोलता आलं नाही."

सर उठले. मला वाटलं ते काहीतरी फेकतील, आणि माझी मान आपोआप खांद्यात गेली. पण त्यांनी काही फेकलं नाही. ते म्हणाले की शिकत असताना त्यांच्या सरांनी त्यांना लाथा मारून शिकवलं, टेबलाखाली बसायला लावलं, आणि त्यांचे हात कधी बंद पडले नाहीत. एवढं बोलून ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. आपण काय बोललो ते त्यांनाच ऐकू आलं असावं असं मला वाटलं. नक्की सांगता येणार नाही. मग ते आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सिस्टर एकेक करून निघून गेल्या. बर्फ चोळणारी ती मागे राहिली, तिनं माझी पर्स माझ्या डाव्या खांद्यावर अडकवली आणि स्कूटी मी चालवू नये म्हणून मावशीला रिक्षा आणायला पाठवलं.

मी ती नोकरी सोडली. मागाहून कानावर आलं की भूल देणाऱ्या डॉक्टरांनी सांगून ठेवलंय, थिएटरमध्ये काही फेकलं गेलं तर पुढची केस ते घेणार नाहीत, आणि एकदा त्यांनी खरंच घेतली नाही. सर बदलले का, ते मला माहीत नाही. त्यांचा हात अजूनही चांगला आहे, लोक अजूनही लांबून येतात. मी आता सिंदीच्या एका लहान दवाखान्यात ड्रेसिंग आणि लसींचं काम करते. नवऱ्यासोबत सकाळच्या पॅसेंजरनं जाते. माझा हात चालतो. कोणी मोठ्यानं बोललं तर बोटं आधी गार होतात, मग मी पाय टेकवते, आणि बहुतेक वेळा ती परत गरम होतात. कधी होत नाहीत. त्या दिवशी मी तिथल्या डॉक्टरांना सांगून थोडा वेळ बसते, आणि ते बसू देतात.

मागच्या महिन्यात वाडीत वांगी तोडताना आईनं एकाएकी विचारलं, "तुया त्या डॉक्टरबाई, त्या म्हाताऱ्या बायाइले पण पायतात का?"

मी म्हटलं, पाहतात. काऊन विचारतेस?

ती वांगी तोडतच राहिली. मग म्हणाली की कोणी फाटकाशी खोकलं की तिचे पाय अजून उचलत नाहीत. पोस्टमन खोकला तरी. काकांना जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ती पदर घेऊन उभी राहते आणि पोस्टमन जाईपर्यंत हलत नाही. तिला वाटायचं म्हातारपणाचं असेल. माझा हात बघितल्यापासून तिला वाटायला लागलं होतं की नसेल.

मी तिला वर्ध्याला घेऊन गेले. तिनं बाजाराला जाताना नेसते ती चांगली साडी नेसली होती. वेटिंगमध्ये ती सारखी दाराकडे बघत होती, कोणी आत आलं की अंग आवळून घेत होती. आमचा नंबर आला तसं मी तिच्यासोबत उठले. तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

"तू बाहेर बस," ती म्हणाली. "तुयासमोर मले सांगता नाई येणार."

दार लागलं. आतून सुरुवातीला फक्त डॉक्टरबाईंचा आवाज येत होता, मग तोही थांबला. मी दोनदा उठून दाराशी गेले आणि परत बसले. मग आईचा आवाज यायला लागला, बारीक, एकसुरी, आणि तो थांबला नाही.